शर्यतीच्या घोड्याचे नाणे: पारखावे कसे, घ्यावे कसे आणि गोव्याच्या हवेत टिकवावे कसे

शर्यतीच्या घोड्याचे नाणे हातात आले की नजर आधी घोड्याकडेच जाते. ती जरा आवरा. नाणे उलटून छाप्याची बाजू पाहा आणि तीन गोष्टी शोधा: देशाचे नाव, वर्ष आणि दर्शनी मूल्य. मूल्य कधीकधी घोड्याच्या बाजूलाही असते, पण आजच्या बहुतेक नाण्यांवर तिन्ही गोष्टी कुठेतरी असतातच. नसतील तर ते बहुधा नाणे नाही, पदक आहे. अमेरिकेच्या सेक्रेटरिएटसारख्या घोड्यांवर खासगी टांकसाळींनी काढलेली पदके ‘स्मारक नाणे’ म्हणून सर्रास विकली जातात. त्यांवर ‘१ औंस .९९९ शुद्ध चांदी’ असे ठसठशीत कोरलेले असते, मूल्य मात्र नसते. पदक घेण्यात काही चूक नाही, कित्येक पदकांवरचे काम नाण्यापेक्षा सरस असते. फक्त त्याला धातूचा आणि कारागिरीचा भाव द्या, नाण्याचा देऊ नका.

देशाचे नाव अनपेक्षित निघाले तर दचकू नका. पर्थची टांकसाळ ऑस्ट्रेलियाबरोबर तुवालू, कुक बेटे अशा देशांच्या नावानेही नाणी पाडते. न्यूझीलंडच्या घोड्याच्या नाण्यावर तुवालूचे नाव दिसले एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही.

मग छाप्यावरचा चेहरा पाहा. ऑस्ट्रेलियाच्या नाण्यांवर १९९८ नंतर बरीच वर्षे इयन रँक-ब्रॉडली यांनी घडवलेला राणी एलिझाबेथचा चेहरा होता, २०१९च्या सुमारास जोडी क्लार्क यांनी घडवलेला आला आणि राणीच्या निधनानंतर राजा चार्ल्स. नाण्यावरचे वर्ष २०१० आणि चेहरा चार्ल्सचा असेल तर पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही. नकली नाणी पाडणारे छाप्याचा एकच ठसा अनेक काट्यांना वापरतात, म्हणून ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त सापडते.

आता नाणे पुस्तकाचे पान उलटावे तसे उलटा. ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंडच्या नाण्यांत दुसरी बाजूही सरळच दिसली पाहिजे. अमेरिकेच्या नाण्यांत ती उलटी, म्हणजे पाय वर आणि डोके खाली अशी दिसते. ऑस्ट्रेलियाचे नाणे अमेरिकन पद्धतीने उलटे निघाले, तर संशयाला जागा आहे.

घोडा कोणता, आणि तोच का?

घोड्याचे चित्र असलेले प्रत्येक नाणे काही नामांकित घोड्याचे नसते. आयर्लंडचा १९२८चा हाफ क्राउन पर्सी मेटकाफ यांच्या घोड्यामुळे प्रसिद्ध आहे आणि तोच घोडा १९८६ पासून तिथल्या वीस पेनीच्या नाण्यावरही आला, पण तो शिकारीचा अनामिक घोडा आहे. अमेरिकेच्या २००१ मधल्या केंटकीच्या पाव डॉलरवर कुंपणाआड उभा असलेला शर्यतीचा घोडाही असाच बिननावाचा. ही सगळी चलनासाठी पाडलेली नाणी आहेत, स्वस्त आहेत, आणि संग्रहाची सुरुवात करायला उत्तम आहेत. कोणी त्यांना एखाद्या विजेत्याचे नाव चिकटवून चढा भाव सांगितला तर मात्र देऊ नका.

एका घोड्याच्या विजयासाठी नाणे पाडायची रीत फार जुनी आहे. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याचा घोडा इसवी सनपूर्व ३५६ मध्ये ऑलिंपिकची शर्यत जिंकला. फिलिपच्या चांदीच्या टेट्राड्राखमावर, म्हणजे चार ड्राखमांच्या नाण्यावर, एका बाजूला झ्यूसचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूला खजुराची फांदी धरलेला कोवळा जॉकी घोड्यावर बसलेला दिसतो, तो याच विजयाच्या आठवणीचा मानतात. वजन १४ ग्रॅमच्या थोडे वर. फिलिपच्या मृत्यूनंतरही ही नाणी पडत राहिली आणि डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातल्या लोकांनी त्यांच्या नकला पाडल्या. त्या नकलाही आज पुराण्या आणि संग्राह्य आहेत. आजकालच्या ओतीव नकला मात्र ढिगाने मिळतात: कडेवर साच्याची बारीक शिवण आणि भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे, ही त्यांची खूण. शंभर वर्षांहून जुने नाणे भारतात पुरावस्तू ठरते आणि परवानगीशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाही, हेही लक्षात असू द्या. लिस्बनला किंवा स्विंडनला राहणाऱ्या भावाला भेट म्हणून ते बॅगेत टाकू नका.

आधुनिक नावांत फार लॅप सगळ्यांच्या ओठांवर असतो. त्याची माहिती पाठ असेल तर प्रमाणपत्रातली खोटी विधाने लगेच लक्षात येतात. हा तांबूस रंगाचा, खच्ची केलेला घोडा. जन्म ४ ऑक्टोबर १९२६, न्यूझीलंडमधल्या तिमारूजवळ. १९३०चा मेलबर्न कप त्याने जॉकी जिम पाइकसह जिंकला. ५१ शर्यतींत ३७ विजय. मार्च १९३२ मध्ये मेक्सिकोत आगुआ कॅलिएंतेची शर्यत जिंकली आणि ५ एप्रिल १९३२ रोजी कॅलिफोर्नियात तो दगावला. कातडी मेलबर्नच्या संग्रहालयात, सांगाडा वेलिंग्टनला आणि हृदय कॅनबेराला आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात धावलेला घोडा म्हणून त्याच्या नावावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोघेही हक्क सांगतात. नाण्याबरोबरच्या कागदावर त्याला ‘घोडी’ म्हटले असेल किंवा १९३१चा कपही त्याच्या खात्यात टाकला असेल, तर तो कागद टांकसाळीतून आलेला नाही. १९३१ मध्ये तो आठवा आला होता.

ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅक कॅव्हिअरचे नाव दिसले तर विजयांचा आकडा २५ पैकी २५ हवा, आणि रंगीत नाण्यावर जॉकीच्या अंगावर गुलाबी-केशरी झाकेवर काळे ठिपके हवेत. तिथल्याच विंक्सच्या बाबतीत सलग ३३ विजय आणि २०१५ ते २०१८ अशा मेलबर्नच्या चार कॉक्स प्लेट शर्यती. या दोघी घोड्या, त्यामुळे चित्रातल्या शरीररचनेकडेही बारकाईने पाहा. निष्काळजी नकलाकार एकाच घोड्याचा ठसा सगळ्या नावांना वापरतो.

भिंगातून

दहा पट भिंग घ्या आणि खिडकीच्या उजेडात जॉकीचा हात शोधा. हातापासून घोड्याच्या तोंडातल्या कडीपर्यंत लगाम जातो. ठशाने पाडलेल्या नाण्यावर ती एकच, केसासारखी बारीक, अखंड रेघ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना खालचा पृष्ठभाग स्वच्छ असतो. ओतलेल्या नकलेत ही रेघ मध्येच जाड होते, मानेच्या उठावात विरघळते किंवा तुटते, आणि आजूबाजूला रवाळ, चाळणीसारखे ठिपके दिसतात. त्यानंतर रिकिबीचा पट्टा, खोगिराखालच्या कापडावरचा आकडा आणि आयाळीचे पुंजके पाहा. नकली ठशात आयाळ सपाट पट्टी होते. ही चार ठिकाणे पाहिली की बाकी नाणे पाहायची गरज क्वचितच पडते.

प्रूफ, म्हणजे खास संग्राहकांसाठी पाडलेल्या चकचकीत नाण्यात घोडा दवात भिजल्यासारखा पांढरट आणि मागचा पृष्ठभाग आरसा असतो. दोन्हींची हद्द सुरीने कापल्यासारखी असावी. पांढरटपणा आरशावर सांडलेला दिसला तर ठसा नीट घडवलेला नाही.

पायांकडेही पाहा. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा दिसले की घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधीचे चित्रकार चारही पाय पुढे-मागे ताणलेले, पतंगासारखा तरंगता घोडा काढत. आजच्या नाण्यावर तसा घोडा आला तर ते खोटेपणाचे लक्षण नव्हे, कलाकाराचा घोड्याशी परिचय कमी एवढेच म्हणता येईल. अशा नाण्याला आम्ही पहिली पसंती देत नाही.

वजन, माप आणि पाण्याची कसोटी

०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घरी नसेल तर शेटच्या, म्हणजे सोनाराच्या, दुकानात जा, पणजी, म्हापसा, मडगाव कुठेही मिळतो. सोबत व्यास मोजायला साधा व्हर्निअर कॅलिपर न्या. चांदीच्या एका औंसाच्या नाण्याचे वजन ३१.१० ग्रॅमपेक्षा कमी नको, थोडे जास्त चालते. व्यास बहुधा ४० मिमीच्या आसपास, पण उंच उठावाची नाणी त्याहून लहान आणि जाड असतात, म्हणून प्रमाणपत्रातला आकडाच खरा माना. ऑस्ट्रेलियाच्या एक डॉलरच्या चलनी नाण्याचे ९ ग्रॅम आणि २५ मिमी ठरलेले. धातू ९२ टक्के तांबे, ६ टक्के अॅल्युमिनिअम आणि २ टक्के निकेल. रंग पिवळा असला तरी सोने नाही, हे बाजारात वारंवार सांगावे लागते.

लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका. चुंबकाने नाणे ओढले तर ते चांदीचे नाही हे नक्की, पण ओढले नाही तर तांबेही असू शकते. धातूची शुद्धता दाखवणारा सोनाराचा कॅरेट मीटरही वरचाच थर वाचतो. चांदीचा जाड मुलामा असेल तर तो निमूट शुद्ध चांदी दाखवतो. घनता मात्र सहसा फसवत नाही.

ती मोजायची अशी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा. नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे हातात धरा. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर येणारा आकडा म्हणजे नाण्याने सारलेले पाणी. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. ३१.१० ग्रॅमच्या शुद्ध चांदीच्या नाण्याला २.९६ ते २.९७ आकडा येतो, म्हणजे घनता १०.४९. तेवढ्याच वजनाचे तांब्याचे नाणे ३.४७ दाखवते, शिशाचे २.७४. फरक इतका मोठा आहे की घरगुती काटाही तो सोडत नाही. चुकते कुठे? नाण्याला चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यामुळे आकडा वाढतो आणि अस्सल चांदीही हलकी ठरते. नाणे पाण्यात हळूच हलवून बुडबुडे सोडवा आणि तीनदा मोजा. पाणी डिस्टिल्डच वापरा, नळाच्या पाण्याचे डाग आरशावर कायमचे बसतात. कॅप्सूलमध्ये, म्हणजे पारदर्शक डबीत, बंद असलेल्या प्रूफ किंवा रंगीत नाण्यावर ही कसोटी करू नका, शंका वाटली तर कॅप्सूल न उघडता नाणे विकत न घेण्याचा पर्याय असतोच.

घेताना आणि आणताना

भावाचे दोन भाग वेगळे लिहा: त्या दिवशीचा धातूचा भाव आणि त्यावरची वाढ. घोडा जिंकत असतो, वर्तमानपत्रात असतो, तेव्हा ही वाढ सर्वात जास्त असते. दोन-तीन वर्षांनी बहुतेक नाण्यांची ती उतरते. घाई नसेल तर थांबा. ‘मर्यादित ५,००० प्रती’ हा आकडा किती पाडायची परवानगी होती ते सांगतो, किती विकली गेली ते नव्हे. डबा, प्रमाणपत्र, बाहेरचे वेष्टण सगळे सोबत घ्या. पुढे विकताना डब्याविना भाव चटकन पडतो.

परदेशी नाणी बाळगायला भारतात मर्यादा नाही. आणताना मात्र सीमाशुल्काचा प्रश्न येतो. मेलबर्न किंवा ऑकलंडहून नातेवाईक दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावर उतरणार असतील तर त्यांना आधीच सांगा: दागिन्यांच्या रूपात नसलेले सोने-चांदी सामानाच्या नेहमीच्या सवलतीत बसत नाही. लाल मार्गिकेतून जाऊन पावतीसह जाहीर करावे. पोस्टाने मागवत असाल तर पाकिटावरच्या घोषणापत्रात खरी किंमत आणि खरा धातू लिहायला लावा. ‘भेटवस्तू’ लिहून किंमत कमी दाखवली तर पाकीट अडकते, आणि हरवले तर विम्याची भरपाईही तेवढीच मिळते. शुल्काचे दर बदलत राहतात, म्हणून मागवण्याआधी विचारून घ्या.

किनाऱ्याजवळच्या पर्यटकांच्या बाजारांत जुन्या पोर्तुगीज रुपियांच्या ढिगाऱ्यात असे एखादे नाणे दिसतेही. काटा आणि भिंग खिशात असतील तरच तिथे घ्या.

पावसाळ्याशी सामना

घेण्यात होणाऱ्या चुका पैशांनी भरून निघतात, जपण्यातल्या भरून निघत नाहीत. जून ते सप्टेंबर गोव्याच्या हवेत ८५-९० टक्के ओलावा आणि त्यात समुद्राचे मीठ. चांदी गंधकाने काळवंडते, तांब्याचे मिश्रण मिठाने हिरवे पडते, आणि दोन्हींना ओलावा हातभार लावतो.

पहिली गोष्ट, मऊ, वास येणारी, गुळगुळीत प्लास्टिकची पाकिटे फेकून द्या. ती पीव्हीसीची असतात, उष्णतेत त्यांतून आम्ल आणि तेलकट द्रव सुटतो आणि नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. त्याऐवजी मायलारची कडक पाकिटे किंवा नेमक्या व्यासाची अॅक्रिलिक कॅप्सूल घ्या. कॅप्सूल एक मिमीने जरी मोठी असली तरी नाणे आत खुळखुळते आणि घोड्याच्या उंच उठावावर, म्हणजे खांद्यावर आणि पुठ्ठ्यावर, आधी ओरखडे उठतात.

मग हवाबंद डबा. ५ लिटरच्या डब्यात सिलिका जेलच्या २५ ग्रॅमच्या दोन पिशव्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. दाण्यांचा रंग बदलला की ओटीजीमध्ये १२० अंशांवर दोन तास भाजा, पूर्ण थंड झाल्यावरच परत ठेवा. पिशवी फाटकी नको, दाण्यांची धूळ आरशावर ओरखडे काढते. पावसाळ्याआधी, मृग लागायच्या आत, डबा बंद करून टाका.

डबा कुठे ठेवायचा हे गोव्यात विशेष महत्त्वाचे. चिऱ्याच्या भिंतीतला कोनाडा दिसायला सुरेख, पण पावसात ती भिंत घामेजते. लाकडी पेटीतून आम्ले सुटतात. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या, खोलीत तर अजिबात नको: सुके बांगडे, कांदे, लसूण यांच्या वासात गंधक असते आणि मिठाचे मडके ओलावा खेचते. रबर बँड, लोकर, वर्तमानपत्राचा कागद हेही चांदीचे वैरी. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते. लोखंडी कपाटाचा मधला कप्पा, बाहेरच्या भिंतीपासून दूर, सर्वात बरा.

एसीच्या खोलीतल्या नाण्याची एक वेगळी गंमत आहे. २२ अंशांवर थंड झालेले नाणे पावसाळ्यात ओसरीवर आणून उघडले की थंड पाण्याच्या बाटलीवर येते तसे दव त्यावर लगेच धरते. डबा बाहेर आणून तासाभराने, आतले नाणे हवेइतके कोमट झाल्यावर झाकण उघडा. पाहुण्यांना दाखवायच्या उत्साहात याच ठिकाणी सर्वात जास्त प्रूफ नाणी डागाळतात.

घासू नका

देवघरातली समई चिंचेने किंवा भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलांनी लखलखते, म्हणून हात नाण्याकडेही वळतो. चिंच, लिंबू, सोलां, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, यांपैकी काहीही नको. आम्ल धातूचा थर खाते आणि घासण्याने आरशावर केसांसारख्या रेघा उठतात. काळवंडलेले नाणे विकता येते, घासलेले नाही. शुद्ध चांदीवर दुधाळ पांढरे ठिपके येतात, ते बहुधा टांकसाळीतल्याच धुलाईतून राहिलेल्या अंशामुळे. त्यांवर खात्रीचा उपाय नाही, सोडून द्या.

पीव्हीसीचा हिरवा थर मात्र काढावा लागतो, नाहीतर तो खोल जातो. काचेच्या बशीत शुद्ध अॅसिटोन घ्या, नेलपॉलिश काढायचे नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो. नाणे दहा मिनिटे बुडवा, बोटांनी कडा धरून बाहेर काढा, ताज्या अॅसिटोनमध्ये पुन्हा बुडवा आणि उभे टेकवून वाळू द्या. खिडकी उघडी, गॅस बंद. रंगीत नाणे यात घातले तर जॉकीचा पोशाख बशीत उतरतो, म्हणून ते कधीच घालू नका. समुद्राच्या हवेचे मीठ बसले असेल तर आधी डिस्टिल्ड पाण्यात तासभर ठेवा, मग अॅसिटोन.

नाणे धरताना नेहमी कड, अंगठा आणि तर्जनी, खाली दुमडलेला पंचा. पडले तर पंच्यावर पडू दे.

नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी झाल्यावर वर्षातून एकदा सगळा डबा तपासा. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, कधी आणि कितीला घेतले ते वहीत लिहिलेले असावे. तिरक्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढून मागच्या वर्षीच्या फोटोंशी ताडून पाहा. घोड्याच्या मानेजवळ पिवळसर छटा दिसू लागली असेल तर तो काळवंडण्याचा आरंभ आहे: त्या नाण्याची कॅप्सूल बदला, सिलिकाच्या पिशव्या दुप्पट करा आणि डब्यात कागद किंवा रबर राहून गेला आहे का ते शोधा. बहुतेक वेळा सापडतो.